खिदमतीचा रस्ता संसदेकडे जातो

(१२ जानेवारी २०२५ रोजी, हुतात्मा दिनी, सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका ज्येष्ठ कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



दोस्तांनो, बहिणींनो, आज रविवार आहे आणि बाहेर गड्ड्याच्या जत्रेची लगबग सुरू आहे. पाळणे लागलेत, शेंगा-चिवड्याच्या गाड्या लागल्यात. तरी तुम्ही इथे येऊन बसलात, तेव्हा तुमचा वेळ वाया जाणार नाही याची जबाबदारी माझी.

आयोजकांनी मला विषय दिला, ‘समाजकार्यातून राष्ट्रीय राजकारणाकडे’. मी त्यांना म्हटलं, अहो, मी तर आयुष्यभर उलटंच सांगत आले. वीस-बावीस वर्षं मोहल्ल्यात फॉर्म भरले, रेशनकार्डं काढली, विडी वळणाऱ्या बायकांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. कोणी विचारलं, ‘आपा, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?’ तर मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, ‘आम्ही राजकारणात नाही, आम्ही खिदमत करतो.’ जणू राजकारण म्हणजे चिखल आणि मी पांढरी साडी नेसलेली.

माझा तो तोरा एका मुलीने उतरवला. ती गोष्ट आधी सांगते.

२०२२ सालची गोष्ट. अल्पसंख्याक मुलांना मिळणाऱ्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचे फॉर्म आम्ही दरवर्षी भरायचो. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये मिळायचे, वरच्या वर्गांना थोडे जास्त. तुम्हाला हजार रुपये कमी वाटतील. पण ज्या घरात आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, त्या घरात हजार रुपये म्हणजे दप्तर, बूट आणि वर्षभराच्या वह्या. त्या वर्षीही आम्ही फॉर्म भरले. उत्पन्नाचे दाखले काढले, बँकेत खाती उघडली. आणि नोव्हेंबरमध्ये कळलं की पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती केंद्र सरकारने बंद केली. कारण काय दिलं? शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे, मग शिष्यवृत्ती कशाला.

सातवीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘आपा, ही बंद कुणी केली? त्यांना भेटायला कुठे जायचं?’

मला तहसील कार्यालय माहीत होतं, कलेक्टर कचेरी माहीत होती. पण ‘दिल्लीत, बेटा’ असं म्हणताना माझी जीभ अडखळली. कारण दिल्लीत आमचं कोण होतं? आणि ते कोणी नाही याला जबाबदार कोण? त्यात मीही होते. वीस वर्षं मी मोठ्या अभिमानाने सांगत होते ना, की आम्ही राजकारणात नाही!

लगेच पुढच्या महिन्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, लोकसभेत सरकारने सांगितलं की पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद होणार. म्हणजे पहिलीतल्या पोरापासून पीएचडीपर्यंत, दोन्ही टोकांना कात्री लागली. दोन्ही वेळा निर्णय दिल्लीत झाला. आम्ही इथे सोलापुरात फॉर्मला फोटो चिकटवत होतो.

आता याच शिष्यवृत्तीची दुसरी बाजू ऐका. ती सुरू कुठून झाली? सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने सुरू झालं होतं. त्याचे पहिले मंत्री कोण? रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. आपल्यासारखाच मराठी बोलणारा मुसलमान. २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा मंत्रालय त्यांच्याकडे होतं.

आणि मी आयुष्यात सर्वांत जास्त कोणता फॉर्म भरला असेल? संजय गांधी निराधार योजनेचा. विधवा, तलाकशुदा, अपंग, ज्यांना कुणी नाही अशांसाठीचा. ही योजनाही १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना आली. अंतुले काही फरिश्ते नव्हते. सिमेंट प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत त्यांना खुर्ची सोडावी लागली, तेही आपल्याला माहीत आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. पण आज चव्वेचाळीस वर्षांनीही महाराष्ट्रातली निराधार बाई महिन्याला पंधराशे रुपये घेते, ती त्या योजनेतून. मी वीस वर्षं ज्या कागदावर सही-अंगठा घेत होते, तो कागद एका राजकीय खुर्चीतून आला होता. आणि मी म्हणत होते, राजकारणाशी माझा संबंध नाही!

तेव्हा आज मला एवढंच सांगायचं आहे. खिदमत जिथे अडते, तिथून राजकारण सुरू होतं. आणि या रस्त्यावर चालायला आपल्याला लखनौ-हैदराबादकडे बघायची गरज नाही. या सोलापुरातूनच माणसं त्या रस्त्याने गेली आहेत. दोघांची गोष्ट सांगते. एकाचा रस्ता फाशीच्या तख्तापर्यंत गेला, दुसऱ्याचा लोकसभेपर्यंत.

पहिले, अर्थातच, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन.

चार हुतात्मा चौकातून तुम्ही रोज जाता. चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. बरोबर ९४ वर्षांपूर्वी, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीत होते. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या वयाचे.

आपण त्यांचं नाव ‘हुतात्मा’ म्हणून घेतो आणि हार घालून निघून येतो. पण फासावर जाण्याआधी हा मुलगा काय करत होता, हे विचारत नाही. तो गिरणीत काम केलेला मुलगा होता. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. तेलुगू बोलणारे पद्मशाली, कानडी बोलणारे लिंगायत, मराठे, दलित, आपले मोमीन आणि इतर मुसलमान, सगळे एकाच भोंग्याने बांधलेले. कुर्बान हुसेनांनी कामगारांचे प्रश्न हातात घेतले, हिंदू-मुस्लिम एकीसाठी काम केलं आणि एक वृत्तपत्र चालवलं. नाव होतं ‘गझनफर’. गझनफर म्हणजे सिंह. विचार करा, विशीतला गिरणी कामगार वृत्तपत्र काढतो! आज तुमच्या खिशात मोबाइल आहे, छापखान्याचा खर्च नाही, खिळे जुळवायचे नाहीत, तरी आपण दुसऱ्याने पाठवलेला मेसेज पुढे ढकलण्यापलीकडे जात नाही.

मग १९३० साल उजाडलं. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला, इंग्रजांचं राज्य असताना. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना कराडीला अटक झाली आणि सोलापूर पेटलं. हरताळ पडला, गिरण्या बंद. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, तिथे गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत पेटली. सरकारी अंमल कोलमडला आणि काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच पाहिला. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. तिरंगा हातात धरणंसुद्धा गुन्हा ठरलं. पोलिसांच्या खुनाचा खटला या चौघांवर चालवला आणि फाशी दिली.

मी तुम्हाला दंगा करायला सांगत नाही, हे नीट ऐका. चौकी जाळणं हा आपला धडा नाही. ज्यांना फाशी दिली ते चौघे आणि त्यांची नावं हा आपला धडा आहे. इंग्रजांना त्या शहरातून चार माणसं उचलायची होती, तर त्यांनी ज्या चौघांची नावं काढली ती पाहा. एकाच्या घरी कानडी, एकाच्या घरी मारवाडी, एक शिंदे आणि एक कुर्बान हुसेन. म्हणजे सत्तेला हे चौघे एकाच चळवळीतले दिसले. कुर्बान हुसेन तिथे ‘मुसलमानांचा प्रतिनिधी’ म्हणून गेले नव्हते. ते सोलापूरच्या कामगारांचे होते, आणि मुसलमान होते, आणि देशाचे होते. तिन्ही एकाच वेळी. त्यासाठी त्यांना आपलं नाव लपवावं लागलं नाही की नमाज सोडावी लागली नाही.

आता दुसरी गोष्ट. ही सोलापुरातल्या बुजुर्गांनाही फारशी आठवत नाही.

पांडुरंग नथुजी राजभोज. नाशिक जिल्ह्यातल्या चर्मकार कुटुंबात जन्मलेले, पुण्यात काम करणारे समाजसेवक. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पर्वती मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलितांनी सत्याग्रह केला, त्याच्या पुढाऱ्यांमध्ये हे होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. मंदिराचं दार काही तेव्हा उघडलं नाही. दुसरा कोणी म्हणाला असता, झालं, आता आपलं बोर्डिंग चालवू, मुलांना पाटी-पुस्तक देऊ. पण राजभोज पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस झाले.

१९५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असायचे, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं असायची. सोलापूर असाच दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. त्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. मुंबईत खुद्द बाबासाहेब हरले. आणि सोलापूरने कुणाला पाठवलं? सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे राजभोज. फेडरेशनचे संपूर्ण देशात दोनच खासदार निवडून आले, त्यातला एक आपल्या सोलापूरचा. तोही असा माणूस, जो सोलापूरचा नव्हताच!

आणि पुढे काय झालं? ज्या लोकसभेत राजभोज बसले, त्याच संसदेने १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा केला. जातीमुळे कोणाला मंदिरात जाऊ दिलं नाही, तर तो गुन्हा ठरला. पर्वतीच्या पायथ्याशी ज्याने दगड खाल्ले, तो माणूस सव्वीस वर्षांनी ज्या सभागृहाचा सदस्य होता, त्या सभागृहाने दगड मारणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. समाजकार्यातून राष्ट्रीय राजकारणाकडे म्हणजे काय, याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

राजभोजांच्या गोष्टीत आपल्यासाठी एक बारीक धडा आहे. जागा राखीव होती, पण मतदान सगळ्यांचं होतं. शेतकऱ्यांनी, गिरणी कामगारांनी, विणकरांनी मतं टाकली तेव्हा लोकसभेची जागा निघाली. नुसत्या आपल्या वस्तीच्या मतांवर खासदार होता येत नाही.

आता आपल्या कडू हिशोबाकडे या.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. लोकसभेच्या जागा ४८. २००४ मध्ये अंतुले निवडून आले. २००९ मध्ये एकही नाही. २०१४ मध्ये एकही नाही. २०१९ मध्ये औरंगाबादमधून इम्तियाज जलील, एक. २०२४ मध्ये पुन्हा एकही नाही. वीस वर्षांत चार निवडणुका झाल्या, त्यांत एकच.

कुणी म्हणेल, पक्ष तिकीट देत नाहीत. खरं आहे. मी स्वतः अनुभवलंय. एका पक्षाच्या कार्यालयात आम्ही विडी कामगार बायकांच्या मागण्या घेऊन गेलो होतो. तिथल्या पदाधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘तुम्ही अल्पसंख्याक सेलला भेटा.’ मी म्हटलं, साहेब, या यादीत निम्म्या बायका पद्मशाली आहेत, हा मजुरीचा विषय आहे. ते म्हणाले, ‘हो, पण तुम्ही आलात ना.’ म्हणजे बुरखा किंवा नाव दिसलं की विषय बदलतो. मजुरीचा विषय घेऊन गेलात तरी तो अल्पसंख्याकांचा होतो. ती खोली आपल्यासाठी वेगळी ठेवलेली असते, तिथे रमजानमध्ये इफ्तार होते आणि निवडणुकीत टोपी घातलेले चार फोटो काढतात.

पण सगळा दोष तिकीट वाटणाऱ्यांचा नाही. आपणही त्या खोलीत जाऊन आरामात बसलो. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण शंभर जण जमतो. एसटी, पाणी, विडीची मजुरी, यंत्रमागाची वीज या विषयांवर मोर्चा निघाला की आपल्यातले किती असतात? सोलापुरात कितीतरी भागांत पाणी रोज येत नाही. ते मुसलमानांनाही येत नाही आणि हिंदूंनाही येत नाही. पाण्याच्या मोर्चाच्या पुढे आपली मुलगी दिसली, तर पुढे तिच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायला बाहेरचा हात कचरणार नाही. आपण फक्त आपल्याच विषयावर दिसलो, तर लोक आपल्याला फक्त आपलेच समजणार.

१९०९ पासून इंग्रजांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले होते. मुसलमानाने मुसलमानाला मत द्यायचं. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेने ते मोडीत काढलं. संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी तर वेगळ्या मतदारसंघांना स्पष्ट विरोध केला होता. तो निर्णय झाला त्या दिवसापासून आपल्या राजकारणाची अट बदलली. शेजाऱ्याचं मत मिळवल्याशिवाय आपल्याला दिल्ली गाठता येत नाही. ही अडचण आहे असं काहींना वाटतं. मला ती संधी वाटते, कारण ती अट शेजाऱ्यालाही आहे. त्यालाही आपलं मत लागतं.

तुमच्यातला एक जण मघाशी चहाच्या वेळी म्हणाला, ‘आपा, सोलापूरची लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मुसलमानाला अनुसूचित जातीत धरत नाहीत. मग आमच्यासाठी दारच बंद आहे.’

बेटा, अर्धं बरोबर बोललास. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिश्चन दलित अजून बाहेर आहेत. त्याविरुद्ध सनदशीर लढाई चालू आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण राखीव जागेचा राग आपल्या दलित भावाबहिणींवर कधी काढू नका. ती जागा त्यांनी दगड खाऊन मिळवली आहे. आणि दुसरं, कायदा काय म्हणतो? भारतात कुठेही मतदार असलेला, २५ वर्षं पूर्ण झालेला नागरिक देशातल्या कुठल्याही सर्वसाधारण मतदारसंघातून लोकसभेला उभा राहू शकतो. राजभोज नाशिकचे, पुण्याचे, निवडून आले सोलापुरातून. मग सोलापूरचा पोरगा दुसरीकडून का नाही? दार बंद नाही, दूर आहे.

आणि दिल्ली म्हणजे फक्त खासदाराची खुर्ची नाही. गेल्या वर्षी वक्फ विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. आपल्या मोहल्ल्यांत क्यूआर कोड लागले, मोबाइल लावला की ईमेल गेला. चांगलं झालं. पण मी विचारते, त्यातल्या किती जणांनी विधेयक वाचलं होतं? कुठलं कलम नको, का नको, त्याजागी काय हवं, हे लिहिणारे किती? लाख सारख्या ईमेलपेक्षा वक्फच्या जागेत राहणाऱ्या एका विधवेची हकीकत, कागदपत्रांसह, समितीपुढे नेणारा एक कार्यकर्ता मला जास्त मोलाचा वाटतो. तेही राष्ट्रीय राजकारणच आहे.

तर मग उद्या सकाळपासून करायचं काय? भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. माझ्या अनुभवातून चार कामं सांगते.

पहिलं, नोंद ठेवा. आपण हजारो फॉर्म भरतो आणि विसरून जातो. मी विसरले, हा माझा मोठा गुन्हा. शिष्यवृत्ती बंद झाली तेव्हा कुणी विचारलं, ‘तुमच्या भागात किती मुलींचं नुकसान झालं?’ तर माझ्याकडे आकडा नव्हता, नुसते अश्रू होते. वही घाला. कुणाचा अर्ज, कधी, का फेटाळला. विडी कामगारांचंच बघा. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा, हे दोन्ही संसदेने केले. विडीवरच्या उपकरातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. कुठल्या घरावर त्याचा काय परिणाम झाला, हे तुमच्या वहीत असेल तर कुठल्याही पक्षाच्या खासदाराला तुम्ही लोकसभेत विचारायला प्रश्न लिहून देऊ शकता. खासदाराला प्रश्न विचारायचा असतो, पण तो आयता लिहून देणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा.

दुसरं, मतदार यादी. सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. मोहल्ल्यात लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं बघा, माहेरी कमी झालेली आणि सासरी न लागलेली. आणि हे काम फक्त आपल्या गल्लीत करू नका. शेजारच्या पद्मशाली, वडार, मातंग वस्तीतही करा. जो माझं नाव यादीत लावतो, त्याचं नाव मी विसरत नाही.

तिसरं, पायरीने चढा. लोकसभेचा उमेदवार कायद्याने ९५ लाखांपर्यंत खर्च करू शकतो. तुमच्या-माझ्याकडे ते नाहीत. म्हणून सुरुवात प्रभागातून करा. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने कष्टाने एक दार उघडलं. जालन्याचे शब्बीर अन्सारी, आपल्या सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि कितीतरी जण गावोगाव हिंडले. डिसेंबर १९९४ मध्ये शासन निर्णय निघाला आणि मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, मणियार अशा जातींच्या मुसलमानांना ओबीसीचे दाखले मिळण्याचा रस्ता सोपा झाला. त्या दाखल्यावर शिक्षण मिळतं, तसंच स्थानिक संस्थांत राखीव जागेवर उभंही राहता येतं. त्यात निम्म्या जागा बायकांच्या. एकवीस वर्षं पूर्ण झाली की नगरसेविका होता येतं. सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ नंतर बराच काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकांनी कारभार पाहिला. निवडणूक लागेल तेव्हा लागेल. पण ती जाहीर झाल्यावर धावपळ करणारा उमेदवार आणि तीन वर्षं नळाच्या पाण्यासाठी भांडणारी मुलगी, यांतला फरक लोकांना कळतो.

याच शहराने एक माणूस पाहिला आहे, जो सोलापूरच्या न्यायालयात अगदी खालच्या नोकरीवर होता, पुढे पोलीस उपनिरीक्षक झाला, १९७४ मध्ये करमाळ्यातून आमदार झाला आणि २०१२ मध्ये देशाचा गृहमंत्री. सुशीलकुमार शिंदे. त्यांच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, पायऱ्या मोजा. अडतीस वर्षं लागली.

चौथं, विचारायला घाबरू नका, घरातसुद्धा. मुलींनो, हे तुमच्यासाठी. तुम्ही मोर्चाला गेलात तर घरात विचारतील, ‘लोक काय म्हणतील?’ मलाही विचारलं. राजकारणात गेलीस तर दीन बिघडेल, असंही सांगितलं. मी एवढंच म्हटलं, यतीमाचा हक्क मिळवून देणं हे दीनचं काम आहे ना? मग तो हक्क ज्या खोलीत ठरतो, तिथे गेल्याने दीन कसा बिघडेल? बिघडतो तो खोटं बोलल्याने, पैसे खाल्ल्याने, आणि निवडून आल्यावर त्याच मोहल्ल्याकडे पाठ फिरवल्याने. त्यापासून जपा. जो खिदमत करत करत वर जातो, त्याची वही भरलेली असते, म्हणून लोक त्याला जाब विचारू शकतात. ती वही आणि तो जाब, हेच त्याचं रक्षण आहे.

शेवटी एक सांगते आणि थांबते. ती सातवीतली मुलगी आता अकरावीत आहे... नाही, चुकले, नववीत. माझ्या मनाने तिला उगाच मोठं केलं, कारण ती लवकर मोठी व्हावी असं मला वाटतं. मागच्या महिन्यात ती आमच्या कार्यालयात आली. तिला पुन्हा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, नववी-दहावीची २०२२ च्या त्या निर्णयात बंद झाली नव्हती. तिने स्वतःचा भरला आणि मग बाजूला बसून दुसऱ्या दोघींचा भरायला लागली. मी तिला नवी वही दिली आणि म्हटलं, यात नावं लिही, कुणाचं मंजूर झालं, कुणाचं नाही. ती म्हणाली, ‘आपा, ही वही कुठे द्यायची?’

या वेळी माझी जीभ अडखळली नाही. मी म्हटलं, ‘आत्ता जपून ठेव. एक दिवस तूच घेऊन जाशील.’

आता इथून आपण सगळे चार हुतात्मा चौकात जाऊ. हार घालताना चारही नावं मोठ्याने घ्या. कुर्बान हुसेन हे नाव बाकीच्या तिघांबरोबरच घ्या, एकटं घेऊ नका. त्यांनी मरताना ते एकटं ठेवलं नव्हतं.